सगळे लेखक मी उलटे भरले

शुद्धलेखनाला हसू नका. टायपायला बी मला लय वेळ लागतो, आधीच माफी मागते.

आमची वहिनी गावोगावच्या जुन्या बारवांवर पीएचडी करायलीय. लेकरू लहान हाय, म्हणून वाचलेली पुस्तकं सॉफ्टवेअरात भरायचं काम तिनं मला दिलं. लेखक, पुस्तक, साल भरलं की प्रबंधाच्या शेवटची संदर्भांची यादी ते आपोआप लावून देतं.

आज चारला यादी तिच्या सरांना पाठवायची होती. तीनला मी बटन दाबलं आन बघते तर काय! सगळे लेखक बालाजी, मुंजाजी, सखाराम असे नावानं लागलेले, यादीत आधी पायजे ती आडनावं मागं! शाळेच्या हजेरीत आडनाव आधी असतं, तसंच मी पहिल्या खान्यात आडनाव भरलं होतं. तो खाना नावाचा होता, त्याच्यावरचं इंग्रजी मी वाचलंच न्हाई.

सातवीत शाळा सुटली तवापासून मी कुणापुढं लय बोलत न्हाई. तरी धीर करून सांगितलं.

वहिनी हसायलाच लागली. "आगं, एवढ्या मोठ्या प्राध्यापकांना जेवायला हाका मारायलीस का? ए बालाजी, ए मुंजाजी!"

मग तिनं लेकरू सांभाळलं आन मी एकेक नाव फिरवलं. चारला पाच कमी असताना यादी गेली. थोड्या वेळानं सरांचा मेसेज आला, यादी बरोबर हाय.

वहिनी म्हणली, "आता आभारात तुझं नाव टाकते. आडनाव आधी का नंतर?"

तुमी चूक झाली की लगेच सांगता का लपवता?

आन हो, आमची काबरी शेळी आत्ताच व्याली. दोन पिल्लं, दोन्ही पाटी, म्हंजी माद्या!