टेबलावर सरकलेले फाटक

रविवार, १२ जानेवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. गोडदेवमधल्या आमच्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा सुरू झाली. तळमजल्यावरच्या मावशींच्या यजमानांना डायलिसिसला न्यावे लागते. नव्या इमारतीत रुग्णवाहिका दारापर्यंत येईल का, एवढेच त्यांना हवे होते.

वास्तुविशारदाकडून आलेल्या बाईंचे नाव मी विचारले नाही. त्यांनी टेबलाच्या वर कॅमेरा व प्रोजेक्टर टांगले, इमारत आणि फाटक म्हणून लाकडी ठोकळे मांडले आणि हात पाठीमागे बांधून त्या उभ्या राहिल्या. ठोकळा हलला की टेबलावर उजेडाने आखलेली रुग्णवाहिकेची वाट बदलत असे.

मी ठरवलेल्या फाटकापाशी वाट लाल झाली. गाडी वळेना.

"सेक्रेटरीसाहेब, तीन वर्षं हेच फाटक आमच्या गळ्यात मारताय," मावशी म्हणाल्या. त्यांनी फाटकाचा ठोकळा चार बोटे सरकवला. वाट हिरवी झाली.

मी त्या बाईंना विचारले, "तुम्हाला ठाऊक होते, तर तुम्हीच का नाही सरकवला?"

"कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकाचाच हात चालतो, काका. टेबल सगळ्यांचं असतं."

चाळीस वर्षे मी नकाशे काढले. नकाशाने असे तत्काळ उत्तर दिलेले कधी पाहिले नव्हते. मी थक्क झालो, आणि ते लपवले नाही.

संध्याकाळी खाली उतरून मी मावशींच्या फाटकाची जागा चुन्याने आखली.