फुगीर बाजू

जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं, ही अच्युत हेर्लेकरांची कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासूनची सवय. आज मात्र ते नुसतेच आडवे झालेत. डावी कूस, उजवी कूस, पुन्हा डावी. उशीही एकदा उलटी करून झाली. शनिवार आहे, दुपारचे दोन वाजून गेलेत, आणि चार वाजता तस्लीम मणेर गाडी घेऊन गगनबावड्याकडे निघणार आहे. उद्या सकाळी तिथल्या घाटात जुन्या गाड्यांची चढणीची शर्यत आहे.

गाडी तस्लीमच्या वडिलांची, रसूल मिस्त्रींची. लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी, पन्नास वर्षांपूर्वीची विलायती गाडी. मिस्त्रींना ती कुणाच्या तरी गोठ्यात कडब्याखाली सापडली होती. बारा वर्षं खपून त्यांनी ती उभी केली. एकच उणं राहिलं होतं. जोरात वळण घेतलं की आतल्या बाजूचं मागचं चाक हलकं व्हायचं आणि जागच्या जागी फिरत राहायचं. इंजिनाची सगळी ताकद त्या एका रिकाम्या चाकात वाया. त्यावर इलाज म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारं डिफरन्शियलच बदलून 'लिमिटेड स्लिप' प्रकारचं घालायचं. त्यात पोलादी चकत्यांची चवड असते. ती दोन्ही चाकांना एकमेकांशी थोडं बांधून ठेवते, एकट्याला उधळू देत नाही. तसं एक जुनं मिळालंही होतं. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे चकत्या तेवढ्या झिजलेल्या. त्या बदलायच्या आतच, माघात, मिस्त्री गेले.

तीन आठवड्यांपूर्वी तस्लीमनं एकटीनं ते उघडलं, नव्या चकत्या घातल्या आणि गाडीखाली चढवलं. समोर उघडी ठेवली होती हेर्लेकरांची वही.

मिस्त्रींना इंग्रजी येत नसे. दर शुक्रवारी दुपारी, नमाज झाल्यावर, हेर्लेकर गॅरेजात खोक्यावर बसून गाडीच्या इंग्रजी माहितीपुस्तकाची झेरॉक्स उघडायचे आणि मराठीत सांगायचे. मग घरी येऊन ते सगळं वहीत उतरवायचे. त्यांनी उभ्या आयुष्यात कधी पाना हातात धरला नव्हता. पण अक्षर असं, की गॅरेजातले लोक वही उघडण्याआधी हात पुसायचे.

त्या वहीच्या सत्तेचाळिसाव्या पानावर वरून तिसरी ओळ आहे. तीच झोपू देत नाही.

डोळे मिटले की ओळ दिसते. उघडले की पंखा दिसतो. मिटले की ओळ. पंख्याचा आवाज जरा लांब जातो.

"सर, हितं चहा चालतोय न्हवं?"

वाचनालयाच्या मोठ्या हॉलमध्ये, वर्तमानपत्रांच्या उतरत्या टेबलाशी, रसूल मिस्त्री बसलेत. खाकी शर्ट, एक पाय खुर्चीवर, बशीतून चहा पितायत. हॉलच्या मधोमध गाडी जॅकवर उचललेली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना मुलं मान खाली घालून वाचतायत.

"चालत नाही, मिस्त्री," हेर्लेकर हळू आवाजात म्हणतात. आणि गेलेल्या माणसाशी पहिलं वाक्य आपण हे बोललो, याची त्यांना लगेच लाज वाटते.

"मग रजिस्टरात लिवा की. मयत इसमाने बशी वापरली."

"कसे आहात?"

मिस्त्री बशी ठेवतात आणि दोन्ही हात पुढे करतात. नखं स्वच्छ आहेत, गुलाबी. हेर्लेकरांनी ती तशी कधीच पाहिलेली नाहीत. त्यांना नीट बघवतही नाही.

"तलाठ्यागत झाल्यात बघा. तिकडं एक गाडी बिघडंल तर शपथ. नुसतं बसून बसून कंटाळा आलाय." मिस्त्री गाडीकडे हनुवटी करतात. "पोरीनं डिफरन्सल बसवलं म्हनं."

"बसवलं. फार नीट काम केलं."

"करंल की. माझ्यापेक्षा हात हलका हाय तिचा. पण एक सांगा, सर. तसलं डिफरन्सल मी जल्मात उघडलं नव्हतं. तिनं बी न्हाई. मग कुणाच्या भरवशावर उघडलं तिनं?"

हेर्लेकरांना एकदम काहीतरी काम आठवतं. ते सूचिपत्राच्या कपाटाकडे जातात आणि एक खण ओढतात. खणात कार्डं नाहीत. तेलात बुडालेल्या चकत्या आहेत, उभ्या लावलेल्या. एकीला बाहेरून दाते, पुढचीला आतून, मग पुन्हा बाहेरून. प्रत्येकीवर त्यांच्याच अक्षरात क्रमांक. शेवटच्या दोघी तेवढ्या सपाट नाहीत. बशीसारख्या किंचित फुगीर, एकीत एक बसलेल्या. त्यांच्यावर क्रमांक नाही.

ते खण घाईघाईने लोटतात. खण लागल्याचा आवाज गाडीचं दार लागल्यासारखा येतो, कारण ते गाडीचं दारच आहे आणि ते आत बसलेत.

घाट आहे. मिस्त्री अनवाणी गाडी चालवतायत. डाव्या हाताला करवंदीच्या जाळ्या मागे पळतायत, उजव्या हाताला कठडा आहे आणि त्यापलीकडे काहीच नाही.

"दाराचं हँडल सोडा, सर. बारा वर्षात एकदा तरी हात मांडीवर ठिवून बसायचं हुतं माझ्या गाडीत."

"हळू चालवा."

"मी कुठं चालवतोय? ती चालवतीय." मिस्त्री आरशाकडे बोट दाखवतात. आरशात तस्लीमचे डोळे आहेत, समोरच्या रस्त्यावर खिळलेले. ती या दोघांना बघत नाही.

वळण येतं. स्टिअरिंग फिरतं, पुढची चाकं फिरतात, गाडी फिरत नाही. मागची दोन्ही चाकं एकमेकांना सोडायला तयार नाहीत. ती गाडीला सरळच ढकलतायत, कठड्याकडे.

"चवड लई आवळलीया," मिस्त्री म्हणतात, आमटीत मीठ जरा जास्त झालंय म्हणावं तसे. "त्या शेवटच्या दोन चकत्या. कशा बसवल्यात?"

"वहीत लिहिलंय तशा."

"काय लिवलंय?"

"फुगीर बाजू आतल्या अंगाला."

"पुस्तक म्हनतंय, का तुमी म्हनताय?"

हा मिस्त्रींचा नेहमीचा प्रश्न. दर शुक्रवारी, दर पानाला ते एवढं विचारायचे आणि उत्तर मिळाल्यावरच पुढच्या कामाला हात घालायचे. हेर्लेकरांनी कधी आपलं मत मधे घातलं, तर तसं सांगायचे, आणि मिस्त्री ते मत हसून बाजूला ठेवायचे. ही ओळ सांगितली त्या शुक्रवारीही त्यांनी विचारलं होतं.

"पुस्तकच," असं हेर्लेकर तेव्हा म्हणाले होते.

कठडा अजून तेवढाच जवळ आहे. गाडी त्याच्याकडे जातेय आणि पोचत नाही.

"झेरॉक्स काळी आली होती," हेर्लेकर म्हणतात. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू येत नाही, म्हणून ते पुन्हा म्हणतात. "त्या जागी काळा पट्टा आला होता, मिस्त्री. 'फुगीर बाजू' एवढं वाचता येत होतं. पुढचं नाही. खालची आकृती तर सगळीच काळी. मी बराच विचार केला. आत असावी, असं वाटलं."

"वाटलं."

"समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढणार होतो. पण त्या प्रकरणात कुठेच खाडाखोड नव्हती. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा..." ते चष्मा काढून पुसतात. "चाळीस वर्षं मुलं येऊन विचारायची, सर, हे कुठे सापडेल. एकदाही मला माहीत नाही असं म्हणालो नाही. शोधून देतो, म्हणायचो. द्यायचोही."

"हे शोधलं न्हाई."

"नाही."

गॅरेज आहे. बाहेर शुक्रवारचं ऊन आहे, शटर अर्धं खाली आहे. हेर्लेकर नेहमीच्या खोक्यावर आहेत, कामापासून दोन पावलं लांब. मिस्त्री तेलाच्या घमेल्यापाशी उकिडवे बसलेत आणि त्यांच्या स्वच्छ नखांना तेल लागू शकत नाहीये. ते हात बुडवतात, काढतात, बघतात, पुन्हा बुडवतात.

"तुम्हीच सांगा ना," हेर्लेकर म्हणतात. "आता तरी. फुगीर बाजू आत का बाहेर?"

"मला काय म्हाईत? मेल्यावर इंग्रजी येतंय व्हय?"

"निदान अंदाज."

"अंदाज हाय की. पण माझा अंदाज मी अंदाज म्हनून सांगतो. पोरगी त्यावर एक डोळा ठिवती. तुमचा अंदाज असल्या अक्षरात बसलाय, की तिनं डोळं झाकून पाना फिरवला."

हेर्लेकर मान खाली घालतात. खोक्याखालची फरशी त्यांना ग्रंथालयाची वाटते, मग गॅरेजची, मग पुन्हा ग्रंथालयाची.

"आता सांगितलं तर ती काय म्हणेल, मिस्त्री? गाडी तयार आहे. तीन आठवडे मी तिथे जातोय, चहा पितोय. कालच म्हणाली, काका, तुमची वही होती म्हणून झालं."

"शिव्या घालंल. माझी पोरगी हाय ती."

"तेच."

"मग घालू दे की." मिस्त्रींचा आवाज पहिल्यांदाच चढतो. "शिव्या घालायला ती पायजे का नको?"

ते उठत नाहीत, तरी दोन पावलांचं अंतर उरत नाही. ते हेर्लेकरांचं मनगट धरतात. पकड जुनीच आहे, पान्याची सवय असलेली. हात घमेल्यात जातो. तेल कोमट आहे, त्याला शिळ्या माशासारखा वास आहे. तळाशी एक चकती आहे आणि मिस्त्री त्यांचा अंगठा तिच्या कडेवर दाबतायत.

"बघत काय बसलाय? बोटानं बघा. हिकडं ती कलतीय का तिकडं?"

"मला यातलं कळत नाही."

"हां. हेच जरा मोठ्यानं म्हना."

"मला..."

"मोठ्यानं, सर. पोरीला ऐकू गेलं पायजे." मिस्त्री आणखी दाबतात. कड अंगठ्यात रुतते. हेर्लेकर हात ओढायला बघतात, हात निघत नाही, शटर खडखडत खाली येऊ लागतं, आणि अंधारात ते काहीतरी बोलतात.

पंखा फिरतोय. तोंड कोरडं पडलंय. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झालीत.

हेर्लेकर पाणी पीत नाहीत, चष्माही शोधत नाहीत. आधी फोन. घंटा वाजत राहते आणि बंद होते. ते पुन्हा लावतात.

"बोला काका." मागे रेडिओ चालू आहे. "गाडीत सामान भरतेय. आशीर्वाद द्यायला फोन केलाय ना? मग लवकर द्या."

"तस्लीम, सत्तेचाळिसाव्या पानावरची तिसरी ओळ."

"फुगीर बाजू आतल्या अंगाला. पाठ आहे मला. काय तिचं?"

"ती पुस्तकातली नाही. झेरॉक्स त्या जागी काळी होती. मी मनानं लिहिली. मिस्त्रींनी विचारलं तेव्हा पुस्तकातलीच आहे म्हणून खोटं सांगितलं."

रेडिओ बंद होतो.

"काका, काल गल्लीच्या कोपऱ्यावर वळवताना मागनं कटकट येत होती. आणि गाडी वळायला कुरकुरत होती. मी म्हटलं, चकत्या नव्या आहेत, बसतील हळूहळू." पलीकडे गाडीचं दार आपटतं. "तीन आठवडे तुम्ही समोर बसून चहा पिताय."

"हो."

"मी उद्या घाटात जाणार हे माहीत असून."

"हो."

यानंतर ती जे बोलते ते हेर्लेकर निमूट ऐकून घेतात. ते त्यांना आजवर कुणी बोललेलं नाही, आणि त्यातला एकही शब्द त्यांना जास्तीचा वाटत नाही. शेवटी ती दम घेते.

"बरं. मग फुगीर बाजू कुठं? बाहेर?"

'बाहेरच असणार' हे शब्द त्यांच्या जिभेवर तयार आहेत. ऐकायलाही ठाम वाटतील. ते गिळतात.

"मला माहीत नाही," हेर्लेकर म्हणतात. गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच म्हणतात.

पलीकडून काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज येतो. बहुतेक सामानाची पेटी.

"ठीक आहे. जुन्या चकत्या मी टाकलेल्या नाहीत. पत्र्याच्या डब्यात आहेत. त्या पन्नास वर्षं जिथं टेकल्या तिथं घासून चकाकल्या असतील. त्यावरून कळंल कुठली बाजू कुठं होती. मला मागचा सगळा पसारा उतरवायचाय, माझे हात रिकामे नसणार. त्या चकत्या तुम्ही बघायच्या. भिंग आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. पण मला त्यातलं..."

"कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. मग मी बघेन."

"आणि शर्यत?"

"झालं तर उशिरा निघेन. नाही झालं तर नाही निघणार. या तुम्ही. आणि काका, रिक्षानं या. चालत येत बसू नका."

ती फोन ठेवते.

हेर्लेकर शर्ट अडकवतात. वरचं बटण लागत नाही. दुसऱ्यांदा प्रयत्न करतात आणि उजवा अंगठा ठणकतो, म्हणून खिडकीशी जाऊन बघतात. अंगठ्याच्या पेरावर एक बारीक, किंचित वाकडी खोबण पडलीय आणि तिच्या एका अंगाला ओळीने चार दात्यांच्या खुणा आहेत. ते गादीकडे वळून बघतात. चादर, उशी, बस्स. चादर झटकतात, त्यातून काहीच पडत नाही. अंगठा धोतराच्या सोग्याने चोळतात. खोबण जात नाही.

भिंग खिशात घालून ते बाहेर पडतात आणि डाव्या हातानं कुलूप लावतात.