निजामची गोळीची फळी

नंदुरबारच्या निजाम सुताराची उजव्या हाताची दोन बोटं करवतीनं नेली. बैलगाडीचं चाक बांधायला आता तो हात पुरेना. पण रिकामं बसेल तर तो निजाम कसला? १९६१ च्या पावसाळ्यात त्यानं सागाची फळी रंधून तिच्यावर गोळीचा खेळ मांडला. एकशे बारा खिळे, उजव्या कडेला सायकलच्या सीटची स्प्रिंग. स्प्रिंग ओढून सोडली की लोखंडी गोळी वर जायची, खिळ्यांवर आपटत खाली यायची आणि पाचांपैकी एका खणात पडायची. मधल्या खणात पडली तर निजामनं घडवलेला भोवरा बक्षीस.

प्रत्येक खिळ्यामागे तो वीस गोळ्या सोडून बघायचा. गोळी एकाच बाजूला पळाली की खिळा उपटून परत ठोकायचा. तीन महिने गेले. खेळ चालला नाही तर पुढं काय, हे बायकोनं, जाहेदानं, विचारलं नाही. तिनं जत्रेसाठी भाकरी बांधून दिल्या.

सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत त्यानं मुद्दाम हौदाशेजारची जागा धरली आणि बाकावर फळी मांडली. पाणी पाजायला माणसं येतील, खेळतील. इथंच तो चुकला.

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र प्रत्येक गोळी डावीकडे पळायला लागली. प्रकाशा गावचा केळीवाला गिरधर पाटील सात वेळा हरला आणि भडकला.

"आमले फसाडी ऱ्हायना का रे? दोन बोटं करवतनी लिन्ह्यात, बाकीना आम्ही लेसूत!"

उरलेली बोटं घ्यायच्या या धमकीवर माणसं हसली. निजाम खिळे चाचपायला लागला. आज लबाड ठरला, तर या फळीपुढे पुन्हा कोण उभं राहणार?

हौदावर अक्कलकुव्याचा दलसिंग घोडी घेऊन उभा होता. घोडीची चाल किती मऊ आहे हे दाखवायला तो काठोकाठ भरलेली पितळी वाटी हातात धरून तिच्यावर बसायचा. थेंब सांडायचा नाही. तीच वाटी घेऊन तो पुढं आला.

"थांबा. घोडी परखतस तसं याले परखूत."

फळी उतरवून त्यानं बाकावर वाटी ठेवली. पाणी हौदाच्या, म्हणजे डाव्या बाजूनं सांडलं.

"दखा, लबाड!" गिरधर ओरडला.

"आते बाक फिरवा."

दोघांनी बाक उलटा फिरवला. वाटी पुन्हा भरली. पाणी पुन्हा हौदाकडेच सांडलं.

"बाक सरळ शे," दलसिंग म्हणाला. "जमीन दबनी."

हौदातून सांडलेल्या पाण्यानं काळी माती भिजली होती आणि बाकाचे हौदाकडचे पाय खाली रुतले होते. घरी तीन महिने खिळे तपासणाऱ्या निजामनं पायांखाली एकदाही बघितलं नव्हतं.

 गिरधरनं स्वतःच जाऊन चार चपटे दगड उचलून आणले. वाटीतल्या पाण्यावर नजर ठेवून निजामनं ते पायांखाली बसवले. मग गिरधर आठव्यांदा खेळला आणि हरला.

"आते चूक मन्हीच शे," म्हणत तो नवव्यांदा उभा राहिला.

संध्याकाळी घोडी विकली गेली. दलसिंगनं वाटी निजामच्या हाती दिली. "घोडी गयी. तुलेच ऱ्हाऊ दे."

त्या फळीनं निजामचं घर चालवलं. पुढं दर जत्रेत पहिली गोळी सोडण्याआधी तो ती वाटी काठोकाठ भरून बाकावर ठेवायचा. पाणी सांडलं नाही की मनातल्या मनात दलसिंगला सलाम करायचा, आणि मगच स्प्रिंग ओढायचा.