म्हातारीचा वाटा

मावशी गेल्याची बातमी मला एका गाडीवानाने सांगितली, आणि तीही बैल सोडता सोडता. अकोल्याला आमच्या शेटच्या वखारीपुढे कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. मी तराजूपाशी उभा होतो. अमरावतीहून आलेल्या त्या माणसाने जू खाली टेकवलं, पागोट्याने तोंड पुसलं आणि विचारलं, "तुमी भागू माळणीचे भाचे ना? बुढी गेली तुमची. दुपारी झाडाखाली बसली व्हती, उठलीच नाई." मी म्हणालो, "बैलाले पाणी दाखव." एवढंच... माणूस गेल्याचं कळल्यावर आपल्या तोंडून काय निघेल याचा भरवसा नसतो. वखार बंद झाल्यावर अंगणात एकटा बसलो, तेव्हा कुठूनसा झेंडूचा वास आल्यासारखा झाला. तिथे झेंडूचं एक रोपही नाही. मग मात्र मी पोटभर रडलो. त्याला आता महिना होऊन गेला.

भागूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. अमरावतीच्या परकोटाबाहेर तिच्या सासरचा मळा. काका, म्हणजे तिचा नवरा, तरुणपणीच गेले, आणि मग मळा, विहीर, मोट, एकुलता एक मुलगा संपत, सगळं हिच्या अंगावर पडलं. जमीन कागदावर आधी काकांची, मग संपतची; मावशीचं नाव कुठेच नव्हतं. पण कुठल्या वाफ्यात वांगी आणि कुठल्यात मिरची, हे तिच्या शब्दावर ठरायचं. कामाला वाघीण, आणि तरी अशी स्वप्नाळू बाई मी दुसरी पाहिली नाही. पाटाचं पाणी वळवताना मध्येच थांबायची. पाणी आपलं भलत्याच वाफ्यात चाललंय, आणि ही खोरं धरून आभाळाकडे पाहत उभी. "काय पाह्यतं वं मावशे?" विचारलं तर म्हणायची, "काई नाई रे. तो ढग चिखलदऱ्याकून आला असन, नाई?" ती स्वतः चांदूर बाजाराच्या पलीकडे कधी गेली नव्हती. तरी ढग कुठून आला, वारा कुठल्या गावावरून आला, याची चौकशी तिला रोज लागायची.

मग ती कापसाची वर्षं आली. सात समुद्रांपलीकडे कुठे लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि इकडे आमच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. ज्याने त्याने कापूस पेरला. ज्वारी मागे पडली, तूर मागे पडली, लोक परसातल्या आळूच्या जागीही सरकी टोचू लागले. हिवाळ्यात बाजारातून चालताना हवेत कापसाचे तंतू तरंगत असायचे. मिशांवर बसायचे, देवीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसायचे, आमटीत पडायचे. त्या दिवसांची मला आज आठवण येते ती अशीच, धूसर, उन्हात तरंगणारी. सगळं गाव जणू झोपेत चालत होतं आणि झोपेत हसत होतं. मी तेव्हा अमरावतीतच एका गोऱ्या व्यापाऱ्याकडे कापूस तोलायला होतो. जर्मन मुलखातल्या कुठल्याशा डोंगराळ खेड्यातला तो. तांबड्या दाढीमुळे सगळे त्याला लाल सायेब म्हणत. त्याची हिंदुस्तानी मोडकी होती, पण बोलायची हौस दांडगी.

एका कार्तिकात साहेब मला म्हणाला, फुलं पाहिजेत, पुष्कळ, मेलेल्यांसाठी. मी त्याला मावशीच्या मळ्यात घेऊन गेलो. तिने टोपलं भरून झेंडू तोडला आणि कंबरेवर हात ठेवून त्यालाच जाब विचारला, "आमचे पितर भादव्यात येऊन जेवून गेले. तुहे एवढ्या उशिरा काहून येते, बाप्पा?" मी ते साहेबाला समजावलं. तो हसला आणि बांधावर बसून सांगू लागला. त्यांच्याकडे या दिवसांत झाडांची पानं गळून जातात, सगळीकडे धुकं असतं, शेतातली कामं सरलेली असतात. मेलेली माणसंही तेव्हाच सवडीने घरी येतात. थडग्यांवर फुलं ठेवतात, दिवे लावतात, रात्री जेवणाच्या जागी दूध-पाव ठेवून सगळे निजतात. मग थोड्याच दिवसांनी एका साधूचा सण. पोरं कंदील घेऊन गाणी म्हणत हिंडतात, घरोघरी पाळलेलं हंसबदक कापतात, गडीमाणसं जुना मालक सोडून नव्याकडे जातात... मी एकेक वाक्य मराठीत आणत होतो आणि मावशी डोळे मिटून ऐकत होती. भर उन्हात तिला ते धुकं दिसत असावं.

"अन् त्याच दिवसांत," साहेब म्हणाला, "म्हातारे शेतकरी मुलाच्या हाती शेत देतात." मावशीने डोळे उघडले. साहेबाच्या आज्यानेही दिलं होतं. चार माणसांसमोर शेत मुलाचं केलं, आणि त्याच बैठकीत स्वतःचा वाटा बोलून घेतला. राहायला एक खोली, एका गाईचं दूध, सफरचंदाचं एक झाड आणि शेगडीजवळची बसायची जागा, मरेपर्यंत. मेल्यावर सगळं मुलाचं.

"पोटच्या लेकाशी असं बोलून घ्या लागते?" मावशीने विचारलं.

साहेब म्हणाला, आधी बोललं की मागाहून मागावं लागत नाही.

ते मावशीच्या मनात रुतलं, कारण नेमकं तेच तिच्यापुढे उभं होतं. संपतला सगळ्या मळ्यात कापूस लावायचा होता. जवान माणूस, शेजारच्यांच्या गाड्या सजलेल्या पाहत होता, आणि ही म्हातारी झेंडू आणि कोथिंबीर धरून बसलेली. मायलेकांत रोज कुरबूर चालायची. कारभार सोडायला ती तयार होती. तिची कंबर आता साथ देत नव्हती. भीती वेगळीच होती. बाजूच्या मळ्यातल्या म्हाताऱ्याने सगळं पोरांच्या हवाली केलं होतं, आणि आता त्याची खाट गोठ्यात होती. चिमूटभर तंबाखूसाठी तो नातवांच्या तोंडाकडे पाहायचा. मावशी मला म्हणाली, "नामा, मले मळा नाई पायजे. पण ज्या मातीत जल्म गेला, तठी कोथिंबिरीच्या काडीसाठी हात पसराची पाळी नको." मी तिला समजावलं, लोक हसतील, संपत चांगला आहे. ती म्हणाली, "चांगला हाये म्हणूनच आत्ता बोलून घेतो. वाईट झाल्यावर कोणाशी बोलू?"

तुळशीचं लग्न लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने भाऊबंदांतली चार माणसं बोलावली. मीही होतो. मावशी सरळ बसून म्हणाली, "आजपासून मळा संपतचा. कापूस लाव, नाई तं धोतरा लाव, मी शब्द बोलन नाई. विहिरीजवळचे वाफे मातर माहे, मी हाओ तवरोक. पाटाचं पहिलं पाणी त्याईले. तव्यावरची पहिली भाकर माही. अन् चुलीजवळची जागा माही."

पहिल्या गोष्टींवर माणसं नुसती एकमेकांकडे पाहत राहिली. शेवटचं ऐकलं आणि आतून रखमा बाहेर आली. रखमा म्हणजे संपतची बायको. एरवी मोठ्या माणसांपुढे तिचा आवाज निघत नसे. "बुढी चुलीजवळ बसन तं मी काय राखेत बसू? माह्या हातचं तिखट-मीठ जन्मभर मोजत बसाचं हाये काय तुमाले?" घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते खोटं नाही. संपत तर पानसुपारीचं ताट सारून उठला. "मी काय परका हावो? चार लोकाईपुढं माह्या इमानाचा सौदा करून रायली तू?" बैठक तशीच मोडली. माणसं सुपारी न खाता गेली, आणि त्या घरात कितीतरी दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही.

शेवटी मी लाल साहेबाला घेऊन गेलो. म्हटलं, आग यानेच लावली, यानेच विझवावी. सगळं ऐकून तो इतका हसला की त्याची दाढी हलायला लागली. त्यांच्याकडची ती शेगडी स्वयंपाकाची नव्हेच. बसायच्या खोलीत असते, ऊब घ्यायला. बाहेर बर्फ पडतं, म्हाताऱ्यांची हाडं गारठतात, म्हणून ती जागा त्यांची. आम्ही तिकडची शेगडी उचलून वऱ्हाडातल्या चुलीवर बसवली होती. मावशीने बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाली, "अठी कोणाले ऊब पायजे? अठी सावली पायजे." आणि तिने चुलीऐवजी विहिरीजवळच्या जांभळाची सावली मागून घेतली. रखमा लगेच कबूल झाली, संपतनेही नुसती मान हलवली. मी म्हटलं, चला, मिटलं.

पुढच्या हंगामात संपतने मळाभर कापूस लावला. दिवाळी सरता सरता बोंडं फुटली आणि त्या पांढऱ्या रानाच्या मधोमध मावशीचे झेंडूचे वाफे पिवळे उठून दिसायचे. ती जांभळाखाली बसलेली असायची. रखमा पहिली भाकर तव्यावरून उतरताच तिथे नेऊन द्यायची, न बोलता, पण न चुकता. साहेबाच्या पितरांचा दिवस आला की मावशी संध्याकाळी बांधावर वाटीत दूध ठेवी. ते मांजर प्यायचं. मी चिडवलं तर म्हणे, "आपले कावळा होऊन येते. तिकडं कावळे नसन तं बिचारे कसे येतीन?" पुढे लढाई संपली, भाव कोसळला, साहेब आपल्या मुलखाला निघून गेला, मी अकोल्याला आलो. मावशीने वाटी ठेवणं सोडलं नाही.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. संपतने तिला दिलेला शब्द पाळला, फार कडक पाळला. तो त्या वाफ्यांच्या बांधावर थांबायचा आणि विचारायचा, "येऊ काय?" स्वतःच्याच मळ्यात, स्वतःच्या आईजवळ यायला. ती "ये ना रे" म्हणायची, तेव्हा पाऊल आत टाकायचा. मी गेल्या पावसाळ्याआधी भेटलो तेव्हा ती म्हणाली, "वाटा मागतला अन् लेक पाव्हणा झाला." मी विचारलं, पस्तावा होतो का? जांभळाची पानं हलत होती, मोटेचा आवाज येत होता... मग ती म्हणाली, "होते कधी कधी. पण हात नाई पसरला, नामा." तिचं ते म्हणणं मला अजून छळतं. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीला मी काही करू शकलो नाही.

तेरावं झाल्यावर मी अमरावतीला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात गेलो तर संपतने नांगर जुंपला होता. झेंडू वाळले होते, वाफे भेगाळले होते. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बुढी हाये तवरोक, असंच ठरलं व्हतं. आता हे रान मोकळं झालं." त्याचं म्हणणं बरोबरच होतं; साहेबाच्या गावातही तसंच असतं. बैल वाफ्याच्या तोंडाशी आले, तेवढ्यात रखमा घराकडून आली. केस कानाशी पांढरे झालेले. तिच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलंय, या उन्हाळ्यात घरात सून येईल. तिच्या हातात पदराखाली झाकलेली भाकर होती, वाफ निघत होती. मला वाटलं, सवयीने आणली, आता रडेल. ती रडली नाही. जांभळाखाली गेली, मांडी घालून बसली, आणि भाकरीचा तुकडा मोडून आपल्याच तोंडात घातला. लग्न होऊन आल्यापासून तिने पहिली, गरम भाकर कधी खाल्ली असेल असं मला वाटत नाही.

"नांगर तिकडून ने," ती म्हणाली.

"अवं, पण तो वाटा म्हातारीचा व्हता. म्हातारी गेली ना!"

रखमाने दुसरा घास मोडला. "मी होऊन रायली ना," ती म्हणाली.

संपतने बैलांची तोंडं फिरवली.