बाबा फिरायला गेलेत

आधीच सांगून टाकतो, मी हे चिडून लिहितोय. या सदरात गेले काही महिने जे येतंय ना — पांढरी साडी, उलटे पाय, बरोबर बाराच्या ठोक्याला पैंजण... — ते वाचून मला भीती वाटत नाही, जांभया येतात. मी इंजिनिअर, माझे बाबा इंजिनिअर, आणि आमच्याकडे देवघर होतं ते केवळ आईच्या हट्टापायी. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता आहे का, ते मला ठरवता येत नाही, आणि त्याचाही राग येतो.

तर पहिल्यापासून सांगतो. मी न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहतो. बायको केतकी. बाबा पाटबंधारे खात्यात होते, सगळी नोकरी नगर जिल्ह्यातल्या कालव्यांवर गेली. भरावावरून मैलोन्‌मैल चालायचे आणि वाटेतल्या प्रत्येक चौकीच्या वहीत शेरा लिहायचे. "दारे तपासली. गळती नाही." खाली "ग. रा." अशी सही आणि सहीखाली पानाच्या कडेपर्यंत रेघ. रिटायर होऊन पुण्यात आले तरी खोड गेली नाही. सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत "टाकी भरून वाहते आहे, लक्ष द्यावे" असले शेरे मारायचे आणि वॉचमन वैतागायचा.

त्यांना कुणीतरी फ्रान्सचं एक कॅलेंडर दिलं होतं. त्यात एक चित्र होतं — दोन्हीकडे हिरवीगार शेतं, काठाने झाडांची रांग, मधून कालवा, आणि कालव्यात बोट. बोटीच्या टपावर बसून एक जोडपं निवांत कॉफी पितंय. बाबा चक्रावलेच. "लोक रजा काढून कालव्यावर राहायला जातात? मग मी बत्तीस वर्षं काय केलं म्हणायचं?" वर्ष उलटलं तरी ते पान भिंतीवरून खाली आलं नाही. मी शब्द दिला होता. ग्रीन कार्डचं मार्गी लागलं की सगळे फ्रान्सला जाऊ, तशीच बोट भाड्याने घेऊ, आणि ती तुम्ही चालवायची.

२००४ च्या नोव्हेंबरात बाबा गेले.

आता माझ्या चिडण्याचं कारण ऐका. त्यांना जुलैतच कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन झालं, मग चार महिने अंथरुणावर. आणि मला कुण्णी सांगितलं नाही! ताईला माहीत, मावशीला माहीत, दूधवाल्याला माहीत. फक्त मुलाला नाही. "रंगाला कळवायचं नाही, तो धावत येईल, परतीच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकेल, नोकरी जाईल" — हा बाबांचा हुकूम, आणि सगळ्यांनी तो पाळला. मी दर शनिवारी सकाळी नऊला फोन करायचो, पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. आई म्हणायची, "बाबा फिरायला गेलेत." चार महिन्यांत बाबा तीनदा फोनवर आले, तेही दोन-दोन मिनिटं, आवाज बसलाय म्हणून. ऑगस्टमध्ये एकदा मी म्हटलं, "अगं, पुण्यात धो धो पाऊस चाललाय ना? त्यात कसले फिरायला?" आई म्हणाली, "छत्री घेऊन गेलेत." मी हसलो होतो... त्या हसण्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

शेवटी ताईचा फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. आणि अमेरिकेत परत येताना मुंबईत माझं स्टॅम्पिंग किती दिवसांत झालं माहितीये? चार! ज्याच्या भीतीने मला माझ्या बापापासून लांब ठेवलं, ते चार दिवसांचं काम निघालं.

पुढच्या मे महिन्यात आई आमच्याकडे आली. दोन महिने मी तिच्याशी फक्त भाजी, हवा आणि औषधं यांवर बोललो. परत जायला दहा दिवस उरले तेव्हा केतकी माझ्यावर उखडली. "असंच विमानात बसवणार आहेस का त्यांना? त्यांचं वय बघ. एकदा काय ते बोलून टाक ना, यार!" बोटीची टूम तिचीच. फ्रान्स म्हणजे पुन्हा तिघांचे व्हिसा आले. त्यापेक्षा न्यूयॉर्क राज्यात इरी कनाल आहे, आमच्या घरापासून पाच तासांवर. तिथेही तशाच राहायच्या बोटी भाड्याने मिळतात. तिने तीन दिवसांची बुक केली.

जागा खरंच सुंदर होती, खोटं कशाला बोलू? मक्याची शेतं, काठावर विलोची झाडं, पाण्यात बदकं. बोट इतकी हळू की काठाने सायकलवर जाणारी पोरं आम्हाला हात करून पुढे निघून जायची. आईने आल्या आल्या स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं. मग टपावर खुर्ची टाकून बसली आणि दोन्ही भराव निरखायला लागली. "गवत वेळच्या वेळी कापतात हो इथे," म्हणाली. बाबा बोलल्यासारखंच बोलली. माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर तिने दशमी पुढे केली आणि सहज म्हणाली, "हे असायला हवे होते रे."

मी कप आपटला. "असते की! निदान मी तरी त्यांच्याजवळ असतो! सांगितलं असतंस तर!"

"रंगा, त्यांनी शपथ घातली होती..."

"शपथ त्यांची, पण खोटं कोण बोललं? दर शनिवारी! फिरायला गेलेत, फिरायला गेलेत! माणूस कुशीवर वळू शकत नव्हता आणि तू म्हणे छत्री घेऊन गेलेत! माझा बाप मरत होता आणि मी इकडे हसत होतो!"

आईने कपातला चहा पाण्यात ओतला आणि आत जाऊन बसली. केतकी माझ्याकडे बघत राहिली. बोलून टाक म्हणणारी तीच होती, पण असं नव्हे, हे मलाही कळत होतं.

तासाभराने लॉक आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — कालव्याची पातळी जिथे बदलते तिथे पुढे-मागे दोन दारं असलेला मोठा हौद असतो. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी भरायचं, बोट वर चढते, मग पुढचं दार उघडतात. ते काम बघणारा डेल नावाचा साठीचा माणूस होता. वर चढून बोट बांधली तेव्हा तो म्हणाला, पुढे आणखी बोटी येतायत, अर्धा तास थांबा, माझी चौकी बघून घ्या. चौकीत जुने फोटो होते आणि टेबलावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी नाव लिहायची जाडजूड वही.

आता अशी वही दिसली की आपली माणसं काय करतात? आपलं नाव लिहायच्या आधी मागची पानं उलटतात, कुणी देशपांडे-कुलकर्णी येऊन गेलेत का ते बघायला. आईने तेच केलं. मी दारात पाठ करून उभा होतो. पानांचा आवाज थांबला.

"रंगा," आई म्हणाली, "इकडे ये."

वहीत मराठी होतं. वर-खाली सगळं इंग्रजी आणि मध्येच दोन ओळी मराठी, निळ्या शाईत. "दोन्ही दारे तपासली. उजव्या दारास किंचित गळती. पाणी पुरेसे." खाली "ग. रा." आणि पानाच्या कडेपर्यंत रेघ.

मला आधी काय आलं असेल, तर संताप. वाटलं, ही कुणाची तरी चेष्टा आहे. पण माझ्या बापाचा शेरा कुणाला माहीत असणार, आणि तो इथे कोण येऊन लिहिणार? मी पानं उलटत सुटलो. अशा सात नोंदी होत्या, सगळ्या २००४ सालच्या, जुलै ते ऑक्टोबर. तारखा केतकीने मोबाईलमधल्या कॅलेंडरवर पडताळल्या. सातही शनिवार. वेळेच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी "सायं. ६-३०", आणि तरी वरची नोंद सकाळी पावणेनऊची आणि खालची सव्वानऊची.

एका नोंदीत होतं, "डाव्या भरावात घुशींची बिळे. त्वरित बुजवावीत."

ऑगस्टमधल्या नोंदीत होतं, "येथे पाऊस नाही. छत्री उगाच आणली."

ते वाचल्यावर मी खुर्चीवर बसलो.

डेलला विचारलं. तो म्हणाला, हो, मागच्या वर्षी बऱ्याच शनिवारी हे असं लिहिलेलं सापडायचं. नऊच्या सुमाराला तो खाली दारांपाशी असतो, त्यामुळे लिहिणारा कधी दिसला नाही. त्याला वाटायचं, कुणी पोरं कसलीतरी लिपी गिरवतायत. मी बिळांच्या नोंदीचा अर्थ सांगितला तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढली. पाण्यातल्या उंदरांनी केलेली बिळं त्यांना मागच्या शरदात डाव्या काठालाच सापडली होती, म्हणे. मी त्याच्याकडे ती पानं मागितली. तो अगदी नम्रपणे म्हणाला, सॉरी, हे रेकॉर्ड आहे, फाडता येत नाही. बाबांनीही हेच उत्तर दिलं असतं.

मी फोटो काढले. आणि हो, ते नीट आले, माझ्याकडे आहेत. पुण्यात ताईने बाबांच्या डायऱ्या काढून अक्षर ताडून पाहिलं. श, ळ, सहीची रेघ... सगळं तेच. बाबांनी जन्मात पासपोर्ट काढला नव्हता. जुलैनंतर ते पलंगावरून फक्त हॉस्पिटलसाठी उठले, तेही दोघांच्या आधाराने.

आईने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि सातही नोंदी पुन्हा वाचल्या. मग खाली बसली आणि म्हणाली, "मला वाटायचं, मी खोटं बोलतेय." थोड्या वेळाने म्हणाली, "वर्षभर मला झोप नाही रे रंगा. प्रत्येक शनिवारी फोन ठेवला की मी मोरीत जाऊन रडायचे."

हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मी तिच्या शेजारी खाली फरशीवर बसलो आणि तिचा हात धरला. तिच्यावरचा माझा राग तिथेच गेला. त्या आठवड्याच्या शेवटी ती विमानात बसली ती माझ्या गळ्यात पडून.

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यातल्या कुणाकडे असेल तर जरूर लिहा. आत्मे, लहरी, ऊर्जा असलं मात्र नको, मी पुन्हा चिडेन. मी तीन वर्षं डोकं आपटून बघितलंय, हाती काही लागलेलं नाही.

पण राग म्हणाल तर तो अजून शिल्लक आहे, आणि तो बाबांवर आहे. सातवी नोंद मी मुद्दाम मागे ठेवली होती. ऑक्टोबरमधला शेवटचा शनिवार. त्यात दारं नाहीत, गळती नाही, पाण्याची पातळी नाही. फक्त एवढंच —

"रंगाचे घर येथून लांब आहे. चालत जमणार नाही."

त्या शनिवारी सकाळी नऊला मी घरीच होतो. फोन माझ्या हातात होता. अहो बाबा, पाच तासांचा रस्ता, टाकी भरलेली, गाडी दारात उभी... एकदा सांगायचं होतं. मी न्यायला आलो असतो.