पासलीच्या खोंडाने निवडलेले रीळ

गळ टाकून बसणाऱ्या माझ्या बांधवांनो, रीळ विकत घेताना आपल्या सगळ्यांचा एकसारखाच अपमान होतो आणि आपण तो निमूटपणे सोसतो. आपण दुकानात जातो. काचेच्या कपाटातून रीळ काढून आपल्यापुढे मखमलीवर ठेवले जाते. दुकानदार मूठ फिरवून त्याचा किर्र आवाज ऐकवतो, आपण मान डोलावतो आणि पैसे देतो. बैल घेणारा त्याला चालवून पाहतो, घोडा घेणारा त्यावर मांड टाकून पाहतो. आपण मात्र समुद्रावर वापरायची वस्तू गालिच्यावर बसून पसंत करतो. मी स्वतः वीस वर्षे असेच केले आहे, म्हणून अधिकाराने बोलतो.

या वेळी तसे करून भागणार नव्हते. हर्णैचा माझा मित्र लक्ष्मण कुपा मारतो. कुपा म्हणजे ज्याला साहेब लोक ट्यूना म्हणतात तो समुद्रातला मासा. अंगाने बैलगाडीच्या जुवासारखा आणि स्वभावाने त्याहून आडदांड. शिशाची चकचकीत पट्टी वीस-पंचवीस वाव खोल सोडायची आणि झटके देत वर उचलायची. कुप्याला वाटते, मासोळी पळाली. तो ती गिळतो आणि मग स्वतः पळतो. लक्ष्मण ही दोरी हातानेच धरतो. मागल्या हंगामात तिचा वेढा डाव्या हाताला बसला आणि दोन बोटे गेली. दसऱ्याला त्याचे कार्ड आले : “दिवाळीनंतर कुपा येईल. रीळ पाठवलेत तर काठी लावीन. नाही आले तर उजवा हात आहेच.”

मी कार्ड दोनदा वाचले आणि पुण्याच्या कॅम्पात दुकान गाठले.

दुकानदाराने दोन रिळे काढली. पहिले पितळी, तांब्याएवढे जड, चारशे वार दोरी मावणारे. ब्रेक आवळायला चांदणीच्या आकाराचे चाक, आत चामड्याच्या चकत्या. दुसरे काळे, लहान, दीडशे वारांचे. आत बुचाच्या चकत्या. काळ्याबद्दल तो म्हणाला, “हे पुरतं आवळतच नाही. कितीही पिळा, थोडं सुटतंच.” पितळीबद्दल म्हणाला, “हे धरलं की धरलं.” मी आयुष्यभर व्यासपीठावरून लोकांना धरले ते सोडू नका असेच सांगत आलो आहे. माझे मन तिथेच ठरले. तरी अनामत ठेवून दोन्ही आठ दिवसांच्या बोलीने घेतली. निघताना तो म्हणाला, “फक्त भिजवू नका.”

शनिवारी भोरहून महाडला जाणाऱ्या मोटारीबरोबर एक रीळ पाठवायचे होते. महाडला सुक्या मासळीचा एक व्यापारी ते घेऊन पुढे हर्णैला पोचवणार होता. ती मोटार चुकली तर पुढली सोय पंधरा दिवसांनी. तोवर कुपा थांबत नाही आणि लक्ष्मणही थांबणारा नव्हे. म्हणजे निवड करायला माझ्याकडे पाच दिवस होते.

सोमवारी सकाळी पुण्याहून सर्व्हिस मोटारीने निघालो. कात्रजचा घाट चढताना मोटार तापली, उतरताना ड्रायव्हर तापला. शिवऱ्याला पाणी घालायला थांबलो. तिथे भजी चांगली मिळतात, चहा गोड मिळतो. दोन्ही एकदम मागितले तर चहा आधी येऊन गार होतो, हे ध्यानात ठेवा. बाकड्यावरच्या एका शेतकऱ्याने माझ्या मांडीवरचे पितळी रीळ निरखले.

“ह्ये काय म्हनायचं?”

“मासे धरायचं रीळ.”

“मासा ह्याच्यात बसतो?”

“नाही. दोरी बसते.”

“मंग मासा कुठं बसतो?”

“पाण्यात.”

“मंग बरोबर हाय,” तो म्हणाला आणि त्याने विषय सोडला.

भोर संस्थानच्या हद्दीवर नाक्याच्या शिपायाने मला ओळखले. “भाषन हाय का?” त्याने विचारले. मी म्हटले, “नाही, मासे आहेत.” त्याने टाक दौतीत बुडवला. मग त्याने वहीत लिहिले : भाषण नाही. इतक्या वर्षांत माझ्याविषयी सरकारदरबारी लिहिले गेलेले हे पहिले समाधानकारक वाक्य असावे.

मंगळवार भाटघरच्या धरणावर घालवला. भोरहून सकाळी निघालात तर उन्हाच्या आत पोचता. भिंतीजवळ पाणी खोल आहे, होडी मिळते, सावली मिळत नाही. मी काठीला पितळी रीळ बांधले, शिशाची पट्टी सोडली आणि दुपारपर्यंत झटके दिले. मग काळे लावले आणि संध्याकाळपर्यंत दिले. दोन्ही रिळे उत्तम चालली. दोन्हींना काहीच लागले नाही. होडीवाला अंगाने किडकिडीत आणि बोलण्यात कंजूष होता. काठाला लागताना त्याने दिवसातले पहिले वाक्य उच्चारले.

“वढनारं कायबी न्हाई, तर रीळ चांगलं का वाईट कसं कळंल तुमास्नी?”

दिवसभर हे त्याच्या मनात असून तो गप्प होता. मी विचारले, “मग सकाळीच का नाही बोललास?”

“तुमी इचारलं न्हाई. आन् होडीचं भाडं दिवसाचं ठरलं व्हतं.”

कुप्यासारखे ओढणारे भोरच्या मुलखात काय आहे, याचा विचार करता मला पासलीचा शिवराम आठवला. हा भातशेती करणारा माणूस एकदा माझ्या सभेत मधेच उभा राहून “तुमी कदी नांगर धरला का?” असे विचारता झाला होता. तेव्हापासून आमचा स्नेह आहे. त्याच्या वरच्या अंगाला धनगरांची वस्ती आहे आणि तिथे खोंडे असतात.

बुधवारी भोरहून नसरापूर, तिथून बैलगाडीने वेल्हे. गाडीवान आठ आणे मागतो, सहावर येतो. वेल्ह्यापासून पुढे पासलीपर्यंत पायी. तोरणा उजव्या हाताला राहतो आणि चालता चालता बराच वेळ तिथेच राहतो. अंथरूण आणि चहाची पूड बरोबर घ्या. तांदळाची भाकरी, घेवड्याची आमटी आणि ताक कुठल्याही घरी मिळेल. त्याचे पैसे देऊ केलेत तर ताक परत घेतील.

शिवरामची भातकापणी चालू होती. त्याने दोन्ही रिळे पाहिली, माझे म्हणणे ऐकले आणि वस्तीवरून ठकूबाईला बोलावून आणले. ठकूबाई साठीची धनगरीण, काष्टा घट्ट, आवाज त्याहून घट्ट. तिच्याबरोबर बाज्या नावाचे अडीच वर्षांचे खोंड होते. ते कामाला लावायचे चालले होते. ते हातचे सुटू नये म्हणून त्याच्या गळ्यातले लांब दावे तिने बांधावरच्या झाडाला दोन वेढे देऊन हातात सैल धरले. मी माझी दोरी खोंडाच्या गळ्याशी त्याच दाव्याला बांधली, काठी धरली. पलीकडल्या खाचरात बाज्याचा कळप चरत होता. शिवरामने त्याच्या पाठीवर थाप मारली.

बाज्या निघाले. पितळी रीळ गर्जले. मी चांदणी आवळली तसा त्याचा वेग उतरला आणि साठ पावलांवर ते थांबले. कापणारे सगळे लोक विळे टाकून पाहत होते. इतके लोक एकदम समोर दिसल्यावर माझ्याने राहवले नाही. पकड म्हणजे काय, निष्ठा म्हणजे काय, यावर मी दहा मिनिटे बोललो. खाली बसलो तेव्हा ठकूबाईने विचारले, “झालं बोलून?”

“झालं.”

“मंग आता ही दोनी येंतरं रातभर डोनीत बुडवून ठिवा.”

डोण म्हणजे गुरांना पाणी पाजायचे दगडी टाके. मी म्हटले, “दुकानदाराने सांगितलंय, भिजवू नका.”

तिने विचारले, “त्यो मासा कुठं ऱ्हातो म्हनालात?”

शिवराम लोकांकडे पाठ करून भारे मोजू लागला.

रिळे रात्रभर डोणीत राहिली. गुरुवारी सकाळी पितळी रीळ पुन्हा काठीला बांधले. चांदणी कालच्याच खुणेवर होती. तीत काही फरक दिसत नव्हता. आता एक कबुली देणे भाग आहे. रिळाबरोबर आलेल्या कंपनीच्या पुस्तकात एका गोऱ्या गृहस्थाचे चित्र होते. त्याने काठी पट्ट्याने कमरेला जखडली होती. मीही तशीच जखडली.

बाज्या निघाले. रीळ निघाले नाही. आतले चामडे रात्रीतून फुगले होते आणि चकत्या एकमेकींना चिकटल्या होत्या. धरलं की धरलं. मी भाताच्या धसकटांवरून पोटावर पंधरा-वीस हात गेलो. माझ्या तोंडून निघालेले शब्द पकडीविषयी नव्हते. मग झाडाशी उभ्या ठकूबाईने दाव्याचा तिसरा वेढा टाकला. झटका बसला नाही, ओढ बसली नाही. दावे सरकत सरकत जड झाले आणि बाज्या आपणहून थांबले.

“लई मोठा लागला वाटतं,” शिवराम म्हणाला.

कोणी हसत होते ते मला ऐकू येत होते. मी तसाच पडून राहिलो, कारण मला लक्ष्मण दिसत होता. होडीला बांध नसतो, झाड नसते. परीक्षा घेतली नसती तर शनिवारी हेच रीळ मी पाठवून दिले असते. त्याने ते विश्वासाने कमरेला बांधले असते, आणि खाऱ्या पाण्यात दोन दिवस भिजल्यावर पहिला कुपा लागला असता. बोटांचा प्रश्नच उरला नसता.

ठकूबाईने माझ्या हनुवटीला हळद लावायला लावली आणि लक्ष्मणाच्या बोटांची हकीकत विचारून घेतली. मी ती जरा भारदस्त शब्दांत सांगितली. बोटे गेली तरी त्याने दोरी सोडली नाही वगैरे.

“असले आमच्यात बी हायती,” ती म्हणाली. “त्येची बायकू काय म्हनती?”

मी हे कधी विचारले नव्हते.

“जनावराला पयला झटका द्यायचा असतो,” ती पुढे म्हणाली. “त्यो त्येचा. दुसऱ्यापास्नं आपला. पयलाच धरायला गेलं की दावं तुटतं न्हाईतर हात. म्हनून झाडाला दोनच येढं. दोन येढं सुटत्यात, पर घासून जड हुत्यात.”

मग काळे रीळ बांधले. ओले, बुचाच्या चकत्यांचे. ब्रेक शेवटपर्यंत पिळला. पट्टा मी शिवरामच्या हाती दिला. त्याने तो बैलाच्या कामाला ठेवून घेतला. बाज्या निघाले, रीळ कुरकुरत सुटले, मग जड झाले, आणखी जड झाले. दुकानदार ज्याला दोष म्हणत होता तेच ते करत होते. पुरते आवळत नव्हते. नव्वद पावलांवर बाज्या थांबून गवत खाऊ लागले. तीनदा केले, तिन्हीदा तसेच.

तरी निवड सोपी नव्हती. काळ्यात दोरी दीडशे वार. मोठा कुपा ती सगळी घेऊन जाऊ शकतो, आणि लक्ष्मणाचे घर कुप्यावर चालते. पितळी रीळ मासा देईल किंवा माणूस नेईल. काळे कधीतरी मासा गमावील. शुक्रवारी वेल्ह्यापर्यंत चालताना मी या दोन वाक्यांची मनात पुष्कळ उलटापालट केली. तोरणा आता डाव्या हाताला होता.

शनिवारी भोरच्या मोटारतळावर काळे रीळ केळीच्या सोपटात बांधून ड्रायव्हरच्या हाती दिले. आत चिठ्ठी ठेवली : “ब्रेक पूर्ण आवळ, तरी सुटेल, तसेच हवे. काठी कमरेला बांधू नको. दोरी संपत आली तर काप.” शेवटचे वाक्य लिहिताना पेन्सिल थोडा वेळ थांबली. माझ्या हातून असा सल्ला पूर्वी कोणाला गेलेला नाही.

पुण्याला परतून पितळी रीळ दुकानात नेले. दुकानदाराने ते हलवले, त्यातून पाणी आले. “भिजवलंत?” “भिजवलं.” तो ते परत घेईना. मी त्याच्याशी वाद घातला नाही, हे माझ्या ओळखीच्या लोकांना खरे वाटत नाही.

मार्गशीर्षात हर्णैहून कार्ड आले. लक्ष्मणाने लिहिले होते : “दोन कुपे घेतले. तिसरा मोठा होता. दोरी संपली, कापली. बायकोने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. पूर्वी सांगत नसे.”

प्रवासातून काय राहिले, असे लोक विचारतात. हनुवटीवर एक व्रण राहिला. सभेत ‘सोडू नका’ म्हणताना आता माझा आवाज पूर्वीइतका चढत नाही; श्रोत्यांना वाटते, वय झाले. तसे वाटू द्या. एका माणसाचे तीन बोटांचे आणि पाच बोटांचे असे दोन्ही हात या हंगामात घरी परतले, आणि त्याचे श्रेय एका खोंडाकडे, एका धनगरणीकडे आणि एका दगडी डोणीकडे जाते. माझ्याकडे फारसे येत नाही.

तेव्हा बांधवांनो, मूठ फिरवून ऐकणे आज बंद करा. पुढच्या खेपेला रीळ घ्यायला जाल तेव्हा बरोबर पाण्याने भरलेली बादली न्या, ती दुकानाच्या फळीवर ठेवा, रीळ तीत बुडवा आणि उद्या सकाळी येतो म्हणून सांगा. दुकानदाराने बादली उचलायला सांगितली तर बादली उचला, आणि रीळ तिथेच ठेवून चालू लागा.