बस म्हणणारं माणूस

आमच्याकडे गाडी नव्हती तेव्हा बरकतपुऱ्यातल्या आमच्या गॅरेजात दोघं काम करत. एका भिंतीशी एक चित्रकार चित्रं रंगवायचा, समोर एक बाई मातीच्या मूर्ती घडवायच्या. तो सारखा विचारी, "अम्मा, हो गया क्या?" त्या वळून बघत. "बस. अब हात लगाए तो मार खाते तुम." तो निमूट ब्रश धुवायला घेई.

गल्लीत नव्या गाड्या येऊ लागल्या. मीही कर्ज काढून घेतली आणि दोघांना वेगवेगळ्या खोल्या बघून दिल्या. प्रत्येकाला दुप्पट जागा, असा माझा हिशेब.

महिन्याभरानं तो एक चित्र घेऊन आला. तळ्याकाठची सकाळ काढायला घेतली होती; रंगावर रंग चढून तिची रात्र झाली होती. "कमरा अच्छा है साब," तो म्हणाला, "लेकिन बस बोलनेवाला कोई नै."

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजातून गाडी बाहेर काढली आणि अम्मांना निरोप धाडला.

गाडी अजून रस्त्यावरच असते. उन्हानं तिचा रंग उडत चाललाय. येता-जाता तो बोनेटवर हात फिरवतो. "साब, थोडा कलर मार दूं?"

मी उत्तर देण्याआधीच आतून आवाज येतो, "बस!"